फोकस कर, पण कशावर?

आज सकाळपासून 'फोकस' हा शब्द तुमच्या कानावर किती वेळा पडला, जरा आठवून बघा. आई म्हणाली असेल, "मोबाईल ठेव आणि अभ्यासावर फोकस कर." क्लासमधल्या सरांनी सांगितलं असेल, "या धड्यावर फोकस करा, दरवर्षी प्रश्न येतो." ब्रेकअप झालेल्या मित्राला ग्रुपवर सल्ला मिळाला असेल, "भावा, करिअरवर फोकस कर, बाकी सोड." इन्स्टावर घामाने निथळणारा एखादा दादा जिममधून ओरडला असेल, "स्टे फोकस्ड!" आणि रात्री मॅच हरल्यावर कॅप्टनने माईकसमोर शांतपणे सांगितलं असेल, "आमचा फोकस आता पुढच्या मॅचवर आहे."

म्हणजे अभ्यास, प्रेम, दंड आणि क्रिकेट, सगळ्यांवर एकच औषध. इतका वापरातला शब्द, पण तो आला कुठून आणि त्याचे अर्थ तरी किती, हे आपण कधी बघत नाही. आणि तो मराठी घरात येऊन बसला तेव्हा आपला कुठला शब्द उठून बाजूला झाला? आजचा लेख त्याबद्दल. शेवटपर्यंत वाचा. मध्ये नोटिफिकेशन आलं तर बघा आणि परत या, मी रागावणार नाही.

चुलीतून निघालेला शब्द

'फोकस' हा मुळात लॅटिन शब्द आणि त्याचा अर्थ आहे चूल. घरातली आग पेटवायची जागा, जिच्याभोवती सगळे बसायचे ती. इटालियनमधला 'फुओको' आणि स्पॅनिशमधला 'फुएगो' हे आगीसाठीचे शब्द याच चुलीतले निखारे.

मग चुलीचा शब्द विज्ञानाच्या वहीत कसा गेला? १६०४ मध्ये योहानेस केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने प्रकाशावरच्या आपल्या पुस्तकात भूमितीतल्या एका खास बिंदूला 'फोकस' म्हटलं. त्याने चूलच का निवडली असेल, हे लहानपणी ज्याने भिंग घेऊन उन्हात कागद जाळला आहे त्याला लगेच कळेल. भिंगातून आलेले किरण एका ठिपक्यावर जमतात, आधी कागद तपकिरी होतो, मग धूर येतो. तो ठिपका म्हणजे छोटीशी चूलच की.

पुढे १६०९ मध्ये याच केप्लरने सांगितलं की ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात आणि सूर्य त्या लंबवर्तुळाच्या एका फोकसवर असतो. लंबवर्तुळाला असे दोन बिंदू असतात. एकावर सूर्य. दुसऱ्यावर? काहीच नाही. तो रिकामाच असतो, तरी ग्रह आपले वर्षानुवर्षं व्यवस्थित फिरतायत. 'आयुष्यात एकच फोकस हवा' म्हणणाऱ्यांना ही माहिती पाठवून द्यायला हरकत नाही.

मराठी माध्यमात शिकलेल्यांना हा बिंदू वेगळ्या नावाने माहीत आहे. आपण त्याला 'नाभी' म्हणतो. भिंगाची मुख्य नाभी, नाभीय अंतर, आठवलं का दहावीचं विज्ञान? इंग्रजीने आगीची जागा निवडली, मराठीने शरीराचा मध्य निवडला. भूगोलात हीच नाभी पुन्हा भेटते. भूकंप जमिनीच्या आत जिथे सुरू होतो ती भूकंपनाभी आणि तिच्या बरोबर वर, जमिनीच्या पृष्ठभागावर असतं ते अपिकेंद्र. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाची नाभी जमिनीखाली फार खोल नव्हती. एवढा विध्वंस होण्याचं ते एक कारण. फोकस कुठे आहे यावर किती काय अवलंबून असतं, हे मराठवाड्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. चूल असो, भिंग असो, ग्रहाची कक्षा असो की भूकंप, इथपर्यंत फोकस म्हणजे एक जागा आहे. कुठेतरी काहीतरी एकत्र येतं, ती जागा. माणसाच्या मनाशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला. आणि 'तुझ्यात फोकस नाही' असं कोणाला तरी ऐकवणं, म्हणजे फोकस हा जणू अंगातला एखादा गुण असल्यासारखं बोलणं, हे तर त्याहून पुढचं.

मांडवातला फोकस, सेटवरचा फोकस

आपल्या बोलण्यात या शब्दाचे आणखी दोन अर्थ मस्त रुळलेत. गणपतीच्या मांडवात कार्यकर्ता ओरडतो, "अरे तो फोकस जरा डावीकडे फिरव," तेव्हा त्याला दिवा म्हणायचं असतं. रात्रीच्या टेनिस बॉल स्पर्धेला मैदानाभोवती लावतात तेही फोकस. नाटकवाल्यांच्या भाषेतही पात्रावर फोकस पडतो. हा फोकस बाहेरून येतो, कोणीतरी तो आपल्यावर टाकतं.

दुसरा अर्थ कॅमेऱ्यातला. "फोटो हलला रे, फोकस गेलाय." फोनमध्ये आता पोर्ट्रेट मोड आहे. चेहरा स्पष्ट आणि मागचा सगळा पसारा, म्हणजे खुर्चीवरचे कपडे, अर्धा उघडा कपाटाचा दरवाजा, मायेने धूसर. बऱ्याचदा ती धूसरता फोनच्या सॉफ्टवेअरने तयार केलेली असते. पण मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग हे खरोखर करतं. एका अंतरावरचं स्पष्ट दाखवायचं तर त्याच्या फार पुढचं आणि फार मागचं पुसट होणारच.

सिनेमाच्या सेटवर तर यासाठी एक स्वतंत्र माणूस असतो, त्याला म्हणतात फोकस पुलर. कॅमेरा चालवतो दुसराच. हा माणूस टेपने कॅमेऱ्यापासून कलाकारापर्यंतचं अंतर मोजतो, खुणा करून ठेवतो आणि शॉट चालू असताना कलाकार दोन पावलं पुढे आला की लगेच तेवढंच भिंगाचं कडं फिरवतो. काम नीट झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं तर मोठ्या पडद्यावर नायिकेच्या डोळ्यांऐवजी तिचे कानातले स्पष्ट दिसतात.

मला या कामातली एक बाब फार पटली. आपण समजतो फोकस म्हणजे एका जागी घट्ट चिकटून राहणं. पण समोरचा माणूस हलत असेल तर फोकस टिकवण्यासाठी सतत हात हलवावा लागतो. आपल्या डोळ्यांचंही तेच. जवळचं वाचताना डोळ्यातले स्नायू भिंगाचा आकार बदलून धरतात, म्हणून तासभर स्क्रीन बघितली की डोळे थकतात. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात तो नियम तुम्ही ऐकला असेल: दर २० मिनिटांनी, २० फुटांवरच्या वस्तूकडे, २० सेकंद बघा. म्हणजे नीट दिसत राहावं म्हणून मध्येमध्ये नजर सोडायचीच असते.

'लक्ष'ची मोठी फॅमिली

आता आपल्या शब्दाकडे येऊ. फोकसच्या आधी आपण काय म्हणत होतो? 'लक्ष'. आणि या एका शब्दाचा मराठीत केवढा कुटुंबकबिला आहे बघा.

वर्गात लक्ष *देतात*. गॅसवरच्या दुधावर लक्ष *ठेवतात*. स्टेशनवर अनोळखी काकूंना "जरा बॅगेवर लक्ष ठेवाल का?" विचारतात. नेतेमंडळी "मी स्वतः यात लक्ष *घालतो*" म्हणतात आणि रस्त्यातला खड्डा आहे तिथेच राहतो. विधानसभेत आमदार लक्षवेधी सूचना मांडतात, म्हणजे सरकारचं लक्ष *वेधतात*. कोणाच्या तरी नव्या बुटांकडे आपलं लक्ष *जातं*. लागणाऱ्या निकालाकडे अख्ख्या घराचं लक्ष *लागलेलं* असतं. अभ्यासावरून लक्ष *उडतं*. निरोप घेताना गावाकडचे आजोबा म्हणतात, "लक्ष असू द्या." शिवाय गोष्ट लक्षात *येते* म्हणजे समजते, लक्षात *राहते* म्हणजे आठवते. आणि या सगळ्यांचा नावडता भाऊ, दुर्लक्ष.

इंग्रजीत अटेन्शन 'पे' करतात, म्हणजे ते चुकतं करायचं बिल आहे. मराठीत आपण लक्ष देतो. हिंदीवाले 'ध्यान' देतात. मराठीत मात्र ध्यान म्हणताना जपून. डोळे मिटून बसलेल्या साधूचं ध्यान असतं, विठ्ठलाच्या रूपालाही ध्यान म्हणतात, आणि सुजलेल्या डोळ्यांनी, उलटा टी-शर्ट घालून खाली आलात तर आजी तुम्हाला बघून म्हणते, "काय ध्यान आहे!"

आणखी एक जुना, सुंदर शब्द आहे, 'अवधान'. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात आणि ते दिलंत तर सुखाला पात्र व्हाल असं सांगतात. बघा हं, इथे बोलणारा मागतोय. हुकूम करत नाही. ऐकणाऱ्याला त्यातून काय मिळेल याची हमीही तोच देतोय. आपल्या किती लेक्चर्सची सुरुवात अशी होते?

'लागत नाही' आणि 'करत नाही'

आता मुद्द्याची गोष्ट. तुमच्या डोक्यात दोन वाक्यं म्हणून बघा.

"माझं अभ्यासात लक्ष लागत नाही."

"मी अभ्यासावर फोकस करत नाही."

अर्थ जवळपास एकच. पण पहिल्या वाक्यात 'लागत नाही' हे लक्षाबद्दल म्हटलंय. भूक लागत नाही, झोप लागत नाही, तसं लक्ष लागत नाही. कोणी म्हणालं की झोप लागत नाही, तर आपण त्याला "झोपेवर फोकस कर" म्हणून दटावत नाही. विचारतो, काय झालं? काही टेन्शन आहे का? चहा जास्त झाला का? दुसऱ्या वाक्यात कर्ता आहे 'मी'. मी करत नाही. म्हणजे ठरवलं असतं तर केलं असतं. म्हणजे चूक माझी. खटला संपला.

शब्द बदलला तसा प्रश्नही बदलला आणि दोष कोणाच्या खात्यावर जमा होतो तेही बदललं, असं मला वाटतं.

हा शब्दांचा खेळ वाटत असेल तर पुण्यातल्या सदाशिव पेठेत एखाद्या अभ्यासिकेच्या दारात दहा मिनिटं उभे राहा. स्पर्धा परीक्षांसाठी राज्यभरातून आलेली मुलं-मुली तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. खुर्ची महिन्याच्या भाड्याची, खोली तिघाचौघांत, डबा मेसचा. लातूरला नीटची तयारी करणारी अकरावी-बारावीची मुलं, राजस्थानातल्या कोट्याला गेलेली मुलं, सगळ्यांची गोष्ट साधारण अशीच. घरून फोन येतो तेव्हा शेवटचं वाक्य ठरलेलं: "बाकी कशाचा विचार करू नको, फक्त फोकस कर."

पण 'बाकी' खरंच असतं ना. परीक्षेची तारीख पुढे गेलेली असते. सोयाबीनला भाव मिळालेला नसतो आणि घरच्यांनी ते फोनवर सांगितलं नाही तरी आवाजातून कळतं. बरोबरीच्या मैत्रिणीचं लग्न ठरलेलं असतं आणि वय मोजणारे नातेवाईक वाढलेले असतात. अशा वेळी पुस्तकातल्या कलमांवरून मन उठून घरी जातं. ते जाणं म्हणजे आळस नव्हे. लक्ष जिथे काळजी असते तिथे जातं, ते त्याचं कामच आहे. दुधाजवळ उभं राहायला सांगितलं आणि तेवढ्यात आतल्या खोलीत बाळ पडलं, तर लक्ष बाळाकडेच गेलं पाहिजे.

काहींच्या बाबतीत कारण आणखी वेगळं असतं. फळ्यावरचं दिसत नसतं आणि चष्म्याचा नंबर काढलेला नसतो. झोप पाच तासांवर आलेली असते. मन सतत उदास असतं. काहींना एडीएचडी असतो, म्हणजे लक्ष एका जागी ठेवणं आणि गरजेप्रमाणे तिथून हलवणं, हे मेंदूच्या घडणीमुळेच अवघड जातं. असा मुलगा आवडीच्या गोष्टीत तासन् तास रमलेला दिसतो, म्हणून घरचे म्हणतात, "तिथे बरं जमतं तुला!" त्याला रोज दहा वेळा 'फोकस कर' सांगणं म्हणजे चष्मा लागलेल्याला 'नीट बघ' सांगण्यासारखं आहे. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं तर मदत मिळू शकते. पण आधी कोणीतरी 'का लागत नाही?' विचारायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, 'लक्ष दे' म्हणतही मास्तरांनी पिढ्यान् पिढ्या छड्या मारल्याच आहेत. बरोबर आहे. जुना शब्द म्हणजे प्रेमळ शब्द असं नसतं. शब्द बदलून कोणाचा ताण गायब होणार नाही. पण 'लक्ष लागत नाही' या वाक्यात तक्रार करायला एक फट आहे. 'मी फोकस्ड नाही' या वाक्यात ती फट बुजते, एवढंच मला म्हणायचंय.

अर्जुनाचं उदाहरण, थोडं पुढे वाचून

'फोकस'च्या सेमिनारला गेलात आणि अर्जुन आला नाही असं होतच नाही. झाडावरचा पक्षी, द्रोणाचार्यांचा प्रश्न आणि "मला फक्त डोळा दिसतो." महाभारताच्या आदिपर्वात ही गोष्ट आहे, पण तपशील जरा वेगळा. पक्षी खरा नसतो, कारागिरांकडून करवून घेतलेला कृत्रिम भास पक्षी असतो. युधिष्ठिराला झाड, पक्षी, भाऊ आणि स्वतः द्रोणही दिसतात. अर्जुन सांगतो की त्याला पक्ष्याचं फक्त डोकं दिसतंय. बाण सुटतो, डोकं खाली पडतं.

ही परीक्षा किती वेळाची होती? धनुष्य ओढल्यापासून बाण सुटेपर्यंत. आपण मात्र ते उदाहरण दिवसाचे बारा तास, वर्षाचे बारा महिने पुरवतो. शिवाय युधिष्ठिराला झाड आणि माणसं दिसत होती, हा धनुर्विद्येत दोष असेल. पण पुढे राज्य करायचं असेल तर अशी नजर लागतेच.

नुसता डोळा बघण्याची किंमत मानसशास्त्रज्ञांनीही दाखवून दिली आहे. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. व्हिडिओत काही जण बास्केटबॉल एकमेकांकडे टाकतायत आणि बघणाऱ्याने पांढऱ्या शर्टवाल्यांचे पास मोजायचे. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती शांतपणे येते, छाती बडवते आणि निघून जाते. पास मोजणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना गोरिला दिसलाच नाही. ते बेफिकीर नव्हते. उलट सांगितलेलं काम मन लावून करत होते, म्हणूनच दिसला नाही.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की लक्ष देणं म्हणजे काही गोष्टी नीट हाताळण्यासाठी बाकीच्या गोष्टींतून माघार घेणं. म्हणजे प्रत्येक फोकसमागे एक यादी असते, ज्यांच्याकडे आपण या क्षणी बघणार नाही त्यांची. ही यादी आपण स्वतः केली आहे की कोणीतरी हातात दिली, हे बघायला हवं. कारण ज्याला घरात सगळे फोकस्ड म्हणतात त्याचं दुर्लक्ष दुसरं कोणीतरी भरून काढत असतं. कुकरच्या शिट्ट्या, आजोबांच्या गोळ्या, पेपरवाल्याचं बिल, धाकटीचा प्रोजेक्ट, सगळं एकाच वेळी डोक्यात ठेवणाऱ्या आईला आपण 'अष्टावधानी' म्हणतो. कौतुकाने म्हणतो आणि स्वतःचं अवधान एकावरच ठेवून मोकळे होतो.

फोनलाही फोकस हवाय

आणि यातला सगळ्यात मजेशीर अर्थ तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइडमध्ये २०१९ पासून 'फोकस मोड' आलाय, आयफोनमध्ये २०२१ पासून 'फोकस' आहे. म्हणजे ज्या खिडकीतून वारा येतो तिच्याच गजाला पडदा टांगून मिळालाय.

हर्बर्ट सायमन या अभ्यासकाने, ज्याला पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, १९७१ मध्येच हे ओळखलं होतं. माहिती अमाप झाली की ती ज्याच्यावर जगते त्या गोष्टीचा, म्हणजे माणसाच्या लक्षाचा, तुटवडा पडणार, असा त्याचा मुद्दा होता. तेव्हा रील नव्हते, मोबाईल नव्हते. आज आपलं लक्ष हा अनेक ॲपसाठी थेट कमाईचा माल आहे. जितका वेळ आपण स्क्रोल करू तितक्या जाहिराती. इतकी हुशार माणसं आपलं लक्ष खेचायला पगार घेऊन बसलेली असताना, ते उडालं की दोष एकट्या आपल्या इच्छाशक्तीला देणं जरा अन्यायाचंच आहे.

मग करायचं काय? मोबाईल विहिरीत टाका असं मी सांगणार नाही, माझाही चार्जिंगला लावलेला आहे. पण छोट्या गोष्टी कामाला येतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याला अभ्यास जमत नव्हता. त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घेतलं आणि तेवढा वेळ एकच काम करायचं ठरवलं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. इटालियनमध्ये टोमॅटोला 'पोमोदोरो' म्हणतात, त्यावरून ही पद्धत 'पोमोडोरो' म्हणून जगभर गेली. या पद्धतीत सुट्टी ही चोरून घेतलेली नसते, ती वेळापत्रकातच असते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं, उठायच्या आधी पुढचं काम कागदावर लिहून ठेवणं, हेही असंच साधं. यात कुठेही 'मी किती कमकुवत आहे' हा धडा नाही.

आपला सगळ्यात छोटा फोकस

शेवटी एक मराठी गंमत. भाषाशास्त्रातही 'फोकस' नावाची संज्ञा आहे. वाक्यातल्या ज्या भागावर बोलणाऱ्याला जोर द्यायचा असतो, तो वाक्याचा फोकस. इंग्रजीत त्यासाठी आवाज चढवावा लागतो किंवा वाक्य फिरवावं लागतं. आपल्याकडे एक अक्षर पुरतं: 'च'.

"मी आज इतिहास वाचणार." हे साधं वाक्य घ्या आणि 'च' फिरवत चला.

मीच आज इतिहास वाचणार. (दुसरं कोणी नाही.)

मी आजच इतिहास वाचणार. (उद्यावर ढकलणार नाही.)

मी आज इतिहासच वाचणार. (भूगोल बाजूला.)

मी आज इतिहास वाचणारच. (आता कोणी अडवून दाखवा.)

एकाच अक्षराने दर वेळी वेगळं काहीतरी उजेडात येतं आणि वेगळं काहीतरी अंधारात जातं. आता चारही ठिकाणी 'च' लावा: मीच आजच इतिहासच वाचणारच. झाला ना विचका? जोर सगळीकडे दिला की तो कुठेच राहत नाही. आपल्याला मिळणारे सल्ले बरेचदा या वाक्यासारखे असतात. अभ्यासावर फोकस कर, तब्येतीवर फोकस कर, इंग्रजीवर कर, नेटवर्किंगवर कर, आणि हो, घरच्यांकडेही बघ.

म्हणून पुढच्या वेळी कोणी 'फोकस कर' म्हणालं तर चिडू नका, शांतपणे दोन प्रश्न विचारा. कशावर करू? आणि तेवढा वेळ काय सोडून देऊ? समोरच्याकडे दोन्हींची उत्तरं असतील तर सल्ला ऐकण्यासारखा आहे. आणि तुमच्या धाकट्या भावाने "ताई, लक्षच लागत नाहीये गं" म्हटलं, तर त्या वाक्यातला 'च' ऐका. मग पुस्तक मिटून त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "मग कुठे लागलंय?"